लेडीज टेलर चालतो, मग लेडीज डिझायनर का खटकतो?

दर बॅचला एखादा तरी मुलगा क्लास संपल्यावर मागे थांबतो आणि हळू आवाजात विचारतो, "सर, मला बुटीक काढायचंय, पण घरचे म्हणतात हे काय बायकांचं काम?" कुणाचे वडील म्हणतात पोरगी कोण देणार, तर कुणाचे मित्र त्याच्या चालण्या-बोलण्याची नक्कल करतात. तुम्ही त्यांच्यातले असाल तर आजचा विषय तुमचाच आहे.

आधी एक गंमत बघा. आपल्याकडे बाजारपेठेत लेडीज टेलर असतोच आणि बऱ्याचदा तो पुरुष असतो. आपली आई, मावशी वर्षानुवर्षं त्याच्याकडे ब्लाउज टाकतात. कुणी काही म्हणत नाही. तेच काम शिकलेल्या पोरानं 'फॅशन डिझायनर' अशी पाटी लावून सुरू केलं की लगेच कुजबुज. म्हणजे पुरुषानं बायकांचे कपडे शिवण्यात अडचण नाहीच. आपल्याला रंग, कापड, गळ्याची नक्षी आवडते हे तो उघड सांगतो, तेच खटकतं. पोटासाठी केलं तर चालतं, आवडीनं केलं की संशय!

घरच्यांशी बोलताना आकडे ठेवा समोर. पॅरिसमध्ये १८५८ साली ज्यानं बायकांच्या उंची कपड्यांचं फॅशन हाउस काढलं तो चार्ल्स फ्रेडरिक वर्थ पुरुषच होता. 'रंगीला'मधले (१९९५) ऊर्मिला मातोंडकरचे कपडे मनीष मल्होत्राचे. विक्रम फडणीस तर आपलंच मराठी नाव. आणि सब्यसाचीच्या ब्रँडमधला ५१ टक्के हिस्सा आदित्य बिर्ला फॅशननं २०२१ मध्ये ३९८ कोटींना घ्यायचं ठरवलं. वडिलांना हा शेवटचा आकडा आधी सांगा.

पण म्हणून "डिझाइन पुरुषांनाच जास्त कळतं" असं छाती फुगवून सांगू नका. घरी मशीन चालवणारी बाई 'शिवणकाम करते' आणि पुरुष मात्र 'मास्टर', हा भेदभाव आपल्याच गल्लीतला आहे. वेशभूषेसाठी भारताला पहिलं ऑस्कर मिळालं ते कोल्हापूरच्या भानू अथैया यांना, 'गांधी'साठी.

दुसरा शिक्का म्हणजे "तो तसलाच असणार". असेल किंवा नसेल. गे असला तरी ब्लाउजचा मुंढा नीट बसला पाहिजे आणि नसला तरी बसलाच पाहिजे. कस्टमर पैसे त्याचे देते. हे सिद्ध करायला मिशा वाढवून काउंटरवर बसू नका.

विश्वासाचा प्रश्न मात्र खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नका. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशच्या महिला आयोगानं प्रस्ताव मांडला होता की बायकांची मापं पुरुष टेलरनं घेऊ नयेत. सरसकट बंदी मला पटत नाही, त्यात प्रामाणिक कारागिराचं पोट मारलं जातं. पण गर्दीच्या दुकानात टेप जरा जास्तच रेंगाळला, तरी गप्प बसून घरी गेलेल्या बायका तुमच्याही घरात असतील. विचारून बघा.

म्हणून दुकान काढताना पहिला खर्च फॅन्सी बोर्डावर करू नका. मापं घ्यायला एक बाई ठेवा, संध्याकाळचे दोन-तीन तास आली तरी चालेल. परवडत नसेल तर कस्टमरला फिटिंगचा जुना ब्लाउज आणायला सांगा. ट्रायल रूमला आतून कडी हवी आणि कॅमेरा त्या बाजूला वळलेला नको. माप घेण्याआधी "ताई, घेऊ का?" एवढं विचारा. सोबत कुणी आलं असेल तर त्यांना बाहेर उभं करू नका.

आणि विचारत राहा, कारण तुम्ही ब्लाउज घालून कधी धावत बस पकडलेली नाही. हुक कुठं टोचतो, हात वर केला की बाही कुठं अडते, बाळाला पाजताना काय त्रास होतो, हे वापरणारीलाच माहीत. कुर्त्याला खिसा द्या असं बायका किती वेळा सांगतात! आपण मात्र डिझाइन बिघडतं म्हणून तो गाळतो. माझ्या दुकानात मापाच्या वहीत शेवटी एक रकाना आहे, 'मागच्या वेळी काय नडलं'. ऑर्डर घेताना तो आधी भरायचा, मग गळ्याचे फोटो दाखवायचे.

त्या वहीचं एक पान पुढच्या व्हिडिओत दाखवतो.