जुनी होडी घेताना तळ पाहावा

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या आदल्या दिवशी आमच्या थोरल्या ताईचा फोन आला. "नाहीतरी तू भाऊबिजेला येणारच आहेस. या वेळी एक दिवस आधीच ये. दाजी धड जेवत नाहीत." मी काय ते ओळखले आणि पाडव्यालाच एस. टी. धरली.

प्रकार असा होता. माझा भाचा पाच वर्षांपासून इंग्लंडात बर्मिंगहॅमला नोकरीला आहे. पगाराचा मोठा वाटा खोलीच्या भाड्यात जातो. घर विकत घेण्याची ऐपत नाही. तेव्हा त्याने काढले, की कालव्यावरची एक जुनी होडी विकत घ्यायची आणि तिच्यातच राहायचे. होडीची किंमत बेचाळीस हजार पौंड. चोवीस हजार त्याने साठवलेले. उरलेले अठरा हजार, म्हणजे आपले वीस लाख, वडिलांनी पाटाखालचे एकर विकून पाठवावेत, अशी त्याची विनंती होती.

दाजी मला दारातच म्हणाले, "जमीन विकून लोखंड घ्यायचं, आणि तेही पाण्यात ठेवायचं! तुमच्या भाच्याला तुम्हीच समजवा." रात्री भाच्याचा फोन आला, "मामा, अण्णांना तुम्हीच समजवा." ताईची काळजी तिसरीच. होडीत राहणाऱ्याला मुलगी कोण देणार?

मंडळी, तीस वर्षांच्या नोकरीत मी जुने ट्रॅक्टर, जुनी इंजिने, गाभण म्हणून गळ्यात मारलेल्या भाकड म्हशी, यांबद्दल पुष्कळांना सल्ला दिला आहे. होडीबद्दल कोणी विचारले नव्हते. पण जुनी वस्तू घेण्याची रीत सगळीकडे एकच असते, असे मनाशी म्हटले आणि माहिती काढायला बसलो. ती वाचकांनाही आवडेल, कारण हल्ली आपल्या बऱ्याच घरांतली मुले तिकडे आहेत.

आपला कालवा शेताला पाणी देतो. पाटकरी, पाळी, चारी हे सगळे त्याच्याभोवती. इंग्लंडातले कालवे मुळात माल वाहण्यासाठी खोदले. तिथल्या एका ड्यूकच्या कोळशाच्या खाणी वर्स्ली गावी होत्या. तिथून मँचेस्टरला कोळसा नेण्यासाठी त्याने कालवा काढला. तो 1761 साली सुरू झाला, आणि मँचेस्टरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला असे सांगतात. काम पाहणारा जेम्स ब्रिंडली हा गिरण्यांची चाके दुरुस्त करणारा कारागीर, शाळा जेमतेम शिकलेला. काठावरून चालणारा एक घोडा पाण्यातली पंचवीस-तीस टनांची होडी ओढतो. आपली उसाची बैलगाडी दोन टनांत कुरकुरते, यावरून फरक लक्षात यावा.

चढ आला की होडी वर कशी न्यायची? त्यासाठी दोन्ही बाजूंना दारे असलेले हौद बांधले. त्यांना लॉक म्हणतात. होडी आत घ्यायची, मागचे दार लावायचे, वरचे पाणी आत सोडायचे. पाण्याबरोबर होडी वर येते. पाणी आणि पैसा वाचावा म्हणून ब्रिंडलीने मध्य इंग्लंडातले हौद जेमतेम सात फूट रुंद ठेवले. त्यामुळे तिथली होडी आजही पावणेसात-सात फूट रुंद आणि फार तर सत्तर-बहात्तर फूट लांब असते. आपल्या गोठ्यातल्या गव्हाणीसारखी, लांबच लांब.

पुढे रेल्वे आली, होडीवाल्यांचे दर पडले. काठावरचे घर परवडेना, तेव्हा नावाड्यांनी बायकामुलांना होडीवरच आणले. मागच्या आठ-दहा फुटांच्या खोलीत अख्खा संसार. ऊसतोडीच्या कोप्या पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. 1948 साली बहुतेक कालवे सरकारकडे गेले. 1962-63 च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठले आणि मालवाहतूक जवळजवळ संपली. पण 1944 साली रोल्ट नावाच्या लेखकाने होडीवरच्या आपल्या मुक्कामावर पुस्तक लिहिले होते, 1946 साली कालवे वाचवण्यासाठी संस्था निघाली होती, आणि हळूहळू लोक हौसेने, पुढे भाडे परवडेना म्हणूनही, होड्यांवर राहू लागले. 2012 पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैल जलमार्ग एक धर्मादाय न्यास सांभाळतो.

आता मुद्द्याची गोष्ट. बैल घेताना आपण दात बघतो, होडी घेताना तळ बघावा. आत लाकडी कपाटे, शेगडी, पडदे लावून विकणारा होडी नटवतो, बाहेरून गुलाबाची फुले आणि किल्ले रंगवतो. पण पैसा असतो तो पाण्याखालच्या पत्र्यात. चांगल्या होडीचा तळ दहा मिलिमीटरचा, बाजू सहाच्या आणि वरची खोली चारची असते. जुन्यांत तळही पुष्कळदा सहाचाच. लोखंड पाण्यात झिजते, सर्वांत जास्त पाण्याच्या रेषेला, जिथे हवा आणि पाणी दोन्ही लागतात. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी होडी बाहेर काढून डांबरासारखा काळा लेप द्यावा लागतो. तो चुकवला की पत्र्याला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात.

दुसरी झीज विजेची. विहिरीतल्या मोटरीच्या लोखंडी पाइपला पितळी जोड बसवला की जोडाजवळचा पाइप सडतो, हे आपण पाहिले आहे. तोच प्रकार. काठावरून विजेची जोडणी घेतली की शेजारच्या होड्या आणि आपली होडी मिळून जणू एक बॅटरी तयार होते. म्हणून तळाला मॅग्नेशियमचे ठोकळे जोडतात. झिजायचे ते त्यांनी झिजावे, पत्रा वाचावा. शिवाय त्या जोडणीत एक गाळणीसारखे यंत्र बसवतात. दोन्ही आहेत का, हे विचारून घ्यावे.

मी भाच्याला सांगितले, "आधी तपासनीस लाव. तो तू नेमलेला हवा, विकणाऱ्याचा नको." तिकडे यासाठी वेगळे तज्ज्ञ असतात. होडी पाण्याबाहेर काढतात, जागोजागी रंग खरवडतात आणि आवाजाच्या लहरींनी पत्र्याची जाडी मोजतात. खर्च घेणाऱ्याचा. बोली करतानाच 'तपासणीत मोठा दोष निघाल्यास विसार परत' असे लिहून घ्यायचे असते. भाचा कुरकुरला, कारण तपासणी आणि होडी बाहेर काढणे मिळून आठशे पौंड. दाजींनी हिशेब केला, "नव्वद हजार! यात चांगली म्हैस येते."

तपासणी झाली. बाहेरून लखलखणाऱ्या त्या होडीचा मागचा सहा मिलिमीटरचा पत्रा पाण्याच्या रेषेला साडेतीनवर आला होता. चारच्या खाली गेले की विमा कंपन्या बहुधा नाक मुरडतात, आणि तिसऱ्याच्या नुकसानीचा विमा असल्याशिवाय परवाना मिळत नाही. विकणारा म्हणाला, वरून नवा पत्रा ठोकून देतो. ठिगळ लावता येते, पण वजन वाढते, होडी पाण्यात खाली बसते आणि बाजूची भोके पाण्याच्या जवळ येतात. भाच्याने विसार परत घेतला. आठशे पौंड गेले ते गेले. माझ्या मते ते वसूल झाले.

त्यानंतर कागद. होडीला सातबारा नसतो. मालकीची सक्तीची नोंदच नाही. विक्रीखत, जुन्या पावत्या, कर्जाचा बोजा, हे सगळे आपणच तपासायचे. गॅस, आग, वीज यांच्या सुरक्षिततेचा दाखला दर चार वर्षांनी काढावा लागतो. त्यात कर्ब वायूचा इशारा देणारी घंटाही सक्तीची आहे, आणि हे योग्यच. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे किती जिवावर बेतते, ते आपल्याकडेही दर थंडीत ऐकू येते. परवान्याचे वर्षाला हजार पौंडांवर जातात.

पण खरी अडचण जागेची, आणि ती भाच्याने धरलीच नव्हती. ठराविक जागा नसलेल्या होडीला 1995 च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी चौदा दिवसांहून जास्त थांबता येत नाही. पुढे सरकत राहायचे. त्याच दोन मैलांत मागेपुढे केलेले चालत नाही. होडीचा वेग ताशी चार मैल, माणसाच्या चालीएवढा. रोज ठरल्या वेळी कामावर जाणाऱ्याने हे कसे जमवावे? शिवाय परदेशी माणसाचे बँकेचे, दवाखान्याचे, व्हिसाचे सगळे कागद पत्त्यावर चालतात. कायम राहण्याची परवानगी असलेला घाट मिळतो, पण थोडा, आणि वर्षाला काही हजार पौंड घेतो. 'घाटासकट विकणे आहे' असे जाहिरातीत लिहिलेले असते. घाटाच्या मालकाकडून लेखी घेतल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. होडी विकली की जागा सुटते, असे पुष्कळ ठिकाणी आहे.

दाजींना मी एवढेच म्हटले, की पोरगा वेडा नाही, त्याने हिशेब अर्धा केला आहे. आणि भाच्याला म्हटले, की जमीन विकून घेतलेले घर निदान भाव धरते, होडी वर्षागणिक उतरते. पाटाखालचे एकर गेले की परत येणार नाही. जेवढे स्वतःचे पैसे, तेवढीच होडी. आणि आधी ऐन थंडीत आठ दिवस भाड्याच्या होडीत राहा.

जानेवारीत तो राहिला. पहिल्या रात्री शेगडी विझली, सकाळी खिडक्यांवरून आतले पाणी ओघळत होते आणि बाहेर कालव्यावर बर्फाचा पापुद्रा. पाण्याची टाकी नळावर नेऊन भरायची, कोळशाची पोती छतावरून उतरवायची, संडासाचा डबा स्वतः नेऊन ठरलेल्या जागी रिकामा करायचा. फोनवर त्याने हे सगळे सांगितले. ताई म्हणाली, "आता येईल डोक्यातून." पण तो म्हणाला, "मामा, आवडलं मला. फक्त सत्तावन्न फूट कशाला हवी होती कोण जाणे."

मे महिन्यात त्याने चाळीस फुटी होडी तेवीस हजारांत घेतली. तपासणीत कुठेही पाच मिलिमीटरच्या खाली आकडा नव्हता. घाट शहराबाहेर मिळाला, राहण्याच्या परवानगीसह. कामावर जायला सायकलने पाऊण तास लागतो. एकर जागेवर आहे, यंदा त्यात सोयाबीन केले. दाजींनी तपासणीचा कागद मागवून घेतला आणि शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतला. आता लेप कधी द्यायचा, हे तेच त्याला फोनवर विचारतात. मुलीचे मात्र ताई अजून पाहतेच आहे.