आधी हौद, मग घुमट

मोहल्ल्यातल्या मशिदीचा आराखडा काढणाऱ्याची खरी कसोटी शुक्रवारी लागते. पहाटे फजरला दोन-तीन सफा, म्हणजे नमाज्यांच्या रांगा, भरतात, दुपारी जुहरला त्याहून थोड्या अधिक. जुम्म्याला मात्र नोकरदार, दुकानदार, विद्यार्थी सगळे एकाच वेळी येतात आणि जागा पुरत नाही. एका नमाज्याला खांद्याला खांदा लावून उभं राहायला दोन फूट रुंदी लागते आणि सजदा करायला चार फूट खोली. म्हणजे माणसामागे आठ चौरस फूट. शुक्रवारच्या गर्दीचा हिशेब धरून बंद दालन बांधलं, तर आठवड्यातले उरलेले सगळे वक्त ते ओस पडतं. रोजच्या संख्येवर बांधलं, तर शुक्रवारी चटया रस्त्यावर येतात, वाहतूक अडते आणि शेजाऱ्यांशी बोलाचाली होते.

छत्रपती संभाजीनगरात या प्रश्नाचं उत्तर चारशे वर्षांपूर्वीच दगडात घातलेलं आहे. मलिक अंबरने 1610 च्या सुमारास खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि लगोलग किलेअर्काजवळची जामा मशीद उभी केली. ती बसक्या बांध्याची आहे. आत बहुकोनी खांबांच्या रांगा, त्यांवर कमानी आणि कमानींवर छोट्या घुमटाकार छतांची एकसारखी घरं. दर्शनी बाजूला नऊ कमानी आहेत. त्यांतल्या पाच मलिक अंबरच्या, उरलेल्या चार पुढे औरंगजेबाने वाढवलेल्या. शहर वाढलं, नमाजी वाढले, तेव्हा जुनं काही पाडावं लागलं नाही. त्याच मापाची घरं पुढे जोडत गेलं की झालं. पुढचं मोठं सहन, म्हणजे अंगण, मोकळं, म्हणून शुक्रवारची गर्दी तिथेच सामावते आणि इतर दिवशी तिथे हवा खेळते. आजच्या मशीद कमिट्यांनी सगळ्यात आधी हे सहन नजरेखालून घालावं असं मला मनापासून वाटतं. एफएसआयचा इंच न् इंच वापरायच्या हट्टापायी नव्या मशिदींत आधी बळी जातो तो सहनाचाच. मग मजल्यावर मजले चढतात, आणि गुडघे दुखणारे म्हातारे नमाजी जिना चढून जातात.

सहनाच्या मध्यभागी हौद. जामा मशिदीच्या हौदाला पाणी यायचं ते मलिक अंबरच्या नहरीतून. डोंगरपायथ्याचं भूजल जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि खापरी नळांतून निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणणारी ही योजना आजही नहर-ए-अंबरी म्हणून ओळखली जाते. पुढे अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात पाणचक्की उभी राहिली, तीही अशाच पाण्यावर. डोंगरातलं पाणी नळांनी कित्येक किलोमीटर आणून उंचावरून सोडलं, त्याच्या जोरावर जातं फिरवलं, आणि तेच पाणी लांबलचक हौदात साठवलं. त्या हौदाच्या खाली खांबांचं प्रशस्त दालन आहे. हौदाचा तळ हेच दालनाचं छत. डोक्यावर फूटभर नव्हे, चांगलं कमरेएवढं पाणी, त्यामुळे मे महिन्याच्या उन्हातही खाली गारवा. एका पाण्याने दळण, वजू (नमाजाआधीचं हात-तोंड-पाय धुणं) आणि थंडावा अशी तिन्ही कामं उरकली. विजेचा एक दिवाही न लावता इमारत गार ठेवण्याचा इतका देखणा नमुना आपल्या गावात असताना, नव्या मशिदीच्या भिंतींवर एसीचे डबे रांगेने टांगलेले पाहून वाईट वाटतं.

हौदाचा आकारही मनमानी नाही. हनफी फिकहात दह-दर-दह, म्हणजे दहा हात बाय दहा हात असं माप आहे. अंदाजे सव्वादोनशे चौरस फुटांचा हा हौद मोठं पाणी समजला जातो, आणि कुणी हात बुडवल्याने ते नापाक होत नाही. आता बहुतेक ठिकाणी हौद बुजले आणि नळांच्या रांगा आल्या. नळ सोडून केलेल्या वजूला सहज पाच-सहा लिटर जातात. पैगंबर एका मुद्दमध्ये वजू करत असं हदीस सांगते, आणि मुद्द म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. ज्या शहराला जायकवाडीचं पाणी काही दिवसांच्या अंतराने मिळतं, टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हा फरक फार मोठा आहे. शहरात वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो. दोन हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तो लाख-सव्वा लाख लिटर होतो. तळघरात टाकी बांधली तर वजूची बरेच महिने सोय होते. वजूच्या सांडपाण्यात साबण नसतो, ते सरळ झाडांना देता येतं.

खर्चाचा प्रश्नही जुन्यांनी चोख सोडवला होता. पुण्याच्या लाल महालामुळे मराठी वाचकाला ठाऊक असलेल्या शाइस्तेखानाची इथली चौक मशीद 1665 सालची. तिचं जोतं उंच आहे, आणि त्या जोत्याच्या पोटात रस्त्याकडे तोंड करून दुकानं काढली आहेत. साधारण 1720 ची शहागंजची मशीदही तशीच, बाजाराच्या ऐन मध्यावर उंच चौथऱ्यावर, भोवती दुकानांची रांग. अशा रचनेत दुकानाच्या भाड्यावर दिवाबत्ती चालते, रस्त्यावरचा गोंगाट खाली राहतो, आणि मशिदीकडे बाजाराची पाठ होत नाही. अनोळखी माणूस निदान खरेदीच्या निमित्ताने तरी उंबऱ्यापर्यंत येतो. उंच कुंपण आणि लोखंडी फाटक यांपेक्षा हे जोतं मला शहराशी कितीतरी अधिक सलोख्याचं वाटतं.

नव्या वसाहतीत आणखी एक पेच येतो. आपल्याकडे किब्ला, म्हणजे नमाजाची मक्केकडची दिशा, पश्चिमेलाच असं सरसकट धरतात. या शहरातून मक्केची नेमकी दिशा पश्चिमेच्या उत्तरेला साधारण 9 अंशांवर पडते. प्लॉट मात्र सिडकोने किंवा बिल्डरने आखलेल्या रस्त्याच्या रेषेत असतो. मग सफा तिरक्या येतात, कोपऱ्यात तिकोनी जागा वाया जातात. ढाक्यात मरीना तबस्सुम यांनी हाच पेच इमारतीचा गाभा केला. त्यांच्या बैतुर रऊफ मशिदीत बाहेर चौकोन, आत वर्तुळ, आणि वर्तुळात किब्ल्याकडे वळवलेला नमाजाचा चौकोन. मधल्या उरलेल्या जागांतून उजेड आणि वारा आत उतरतो. भिंती साध्या विटांच्या, त्यांत जाळ्या. घुमट नाही, मिनार नाही, एसी नाही. 2012 मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीला 2016 चा आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

घुमट नाही म्हटलं की कमिटीच्या बैठकीत कुरबुर होणारच. लोकवर्गणी देणाऱ्याला आपली मशीद लांबून ओळखू यावी असं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नाही. पण मदिनेतल्या पहिल्या मशिदीला कच्च्या विटांच्या भिंती होत्या, खजुराच्या बुंध्यांचे खांब आणि झावळ्यांचं छप्पर. घुमटही नव्हता, मिनारही नव्हता. जामा मशिदीच्या कोपऱ्यांवरचे अष्टकोनी स्तंभही वर चिमुकले घुमट मिरवतात तेवढेच. आरसीसीच्या सपाट स्लॅबवर बाजारातून आणलेला तयार घुमट बसवला, तर खालच्या माणसाला त्याचा गारवाही मिळत नाही आणि उंचीही. तेवढ्या पैशात दगडी जाळी होते, चुन्याचा गिलावा होतो, सहनात कडुनिंब लागतात.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती मात्र वेगळीच गोष्ट: मशिदीतली स्त्रियांची जागा. पुण्यातल्या एका दांपत्याने 2019 मध्ये स्त्रियांच्या मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्यावर 2020 च्या जानेवारीत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्र देऊन स्त्रियांना मशिदीत नमाजाची मुभा असल्याचं सांगितलं. मुभा कागदावर आली, पण ती वापरायला दार लागतं, वजूखाना लागतो, इमामाचा आवाज पोहोचेल अशी जागा लागते, तान्हं मूल घेऊन बसायला कोपरा लागतो. बांधून झालेल्या मशिदीत हे मागाहून घुसवायचं म्हणजे जिन्याखालची खोली किंवा गच्चीवरचा पत्रा. म्हणून नकाशा महापालिकेत मंजुरीला जाण्याआधीच मोहल्ल्यातल्या बायकांना बोलावून बसवावं, आणि दार कुठल्या गल्लीकडे हवं हे त्यांनाच विचारावं.