एका सिनेमाने धोरण बदललं, त्याची गोष्ट

जून १९८३. अमेरिकेत ‘वॉरगेम्स’ नुकताच प्रदर्शित झाला होता. एक शाळकरी पोरगा घरच्या कॉम्प्युटरवरून, फोन लाइनच्या मदतीने, चुकून लष्कराच्या यंत्रणेत शिरतो आणि अणुयुद्ध पेटायची वेळ येते, अशी कथा. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी तो कॅम्प डेव्हिडला पाहिला. (गडी मूळचा हॉलिवूडचा!) काही दिवसांतच एका बैठकीत त्यांनी सेनाप्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष जनरल जॉन व्हेसी यांना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का? आठवड्याभराने व्हेसी उत्तर घेऊन आले: परिस्थिती वाटते त्याहून वाईट आहे.

यातूनच सप्टेंबर १९८४ मध्ये सरकारी कॉम्प्युटरांच्या सुरक्षेबाबत राष्ट्राध्यक्षांचा गोपनीय आदेश निघाला. त्याच वर्षी अमेरिकी संसदेच्या समितीने सायबर गुन्ह्यांच्या कायद्यावरच्या अहवालात चक्क या सिनेमाचा दाखला दिला. अशा गुन्ह्यांविरुद्धचा १९८६ चा तिथला मुख्य कायदा त्याच वाटेवरचा.

सिनेमाने धोका दाखवला हे चांगलंच झालं. पण ‘हॅकर म्हणजे खोलीत एकटाच बसलेला हुशार पोरगा’ हे चित्रही त्यानेच लोकांच्या डोक्यात पक्कं केलं. प्रत्यक्षात अशा घुसखोरीमागे अनेकदा संघटित टोळ्या असतात, कधी सरकारंही. आज एआयच्या चर्चेत कुणी माणसांवर उलटलेल्या यंत्रांच्या ‘टर्मिनेटर’ सिनेमाचं नाव काढलं, की मला हाच किस्सा आठवतो: सिनेमा धोका दाखवतो, पण त्याचं चुकीचं चित्रही डोक्यात बसवू शकतो.

‘वॉरगेम्स’ पाहिला नसेल तर जरूर पाहा, अजूनही मस्त वाटतो.