गिऱ्हाइकाचे दोन शब्द आणि मोबाइलवरचे दुकान

आमच्या कापड लाइनीत पूर्वी दुकानाचे नाव तोंडोतोंडी व्हायचे. तारापूर एमआयडीसीत पाळी सुटली की कामगार एकमेकांना सांगत, अमक्याकडे शर्टिंग चांगले, तमक्याकडे माप पुरे. आता तोच कामगार मोबाइलवर ‘कपड़े की दुकान’ असे टाकतो. गूगल नकाशासोबत बहुधा तीन दुकाने वर दाखवते आणि घाईचा माणूस त्याखाली जात नाही. या तिनात आपले नाव कसे यावे, असा सवाल बरेच व्यापारी बांधव करतात.

गूगलच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे इथे तीन गोष्टी पाहिल्या जातात. शोधलेल्या मालाशी दुकान किती जुळते, शोधणाऱ्यापासून ते किती दूर आहे आणि दुकानाचा बोलबाला किती. अंतर आपल्या हातात नाही. बोलबाला ठरवताना मात्र गिऱ्हाइकांचे अभिप्राय किती आणि कसे, हे धरले जाते. पैसे भरून हा क्रमांक वर नेता येत नाही. पैशाची जाहिरात वेगळी आणि ती जाहिरात म्हणूनच दिसते. तेव्हा ‘पहिला नंबर मिळवून देतो’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्यावा. दुकानाची नोंद फुकट होते.

आपल्या नवापूरची एक खास अडचण आहे. नंदुरबार जिल्ह्यातही नवापूर आहे, तालुक्याचे ठिकाण, सुरत-भुसावळ रेल्वेवरचे. बाहेरगावच्या माणसाने नुसते ‘नवापूर’ लिहिले तर तिकडची दुकाने पुढे येऊ शकतात. म्हणून पत्त्यात बोईसर आणि जिल्हा पालघर अवश्य असावे. काही जण दुकानाच्या नावालाच ‘बोईसर पालघर स्वस्त साडी ड्रेस’ अशी शेपटी लावतात. हे नियमाविरुद्ध आहे, नोंद बंद पडू शकते. बोर्डावर जे नाव, तेच तिथे.

गावाचे आणि मालाचे नाव गिऱ्हाइकाच्या तोंडून आले तर त्याची किंमत वेगळी. ‘बोईसरहून नवापूरला येऊन लग्नाचा बस्ता बांधला, दर वाजवी, ब्लाउजपीस बदलून दिला’ असे कोणी लिहिले, आणि उद्या दुसऱ्याने ‘लग्नाचा बस्ता’ शोधला, तर पुष्कळदा हीच ओळ दुकानाच्या नावाखाली दिसते. नुसते पाच तारे असे काही सांगत नाहीत. म्हणून बिल देताना ‘पाच तारे द्या’ म्हणू नये. काय घेतले, कसे वाटले ते आपल्या भाषेत लिहा, इतकेच म्हणावे. हिंदी, मराठी, उर्दू, गुजराती, सारे चालते. गल्ल्याजवळ क्यूआरचा कागद लावावा आणि खूश दिसणाऱ्यालाच नव्हे, सर्वांना सांगावे.

अभिप्रायाच्या बदल्यात रुमाल किंवा सूट देणे मना आहे. गुमास्त्याकडून, भाच्यांकडून लिहवून घेणेही मना. पकडले गेल्यास गूगल अभिप्राय काढून टाकते, नवे घेणे काही काळ थांबवते आणि खोटे अभिप्राय काढल्याची सूचना दुकानाच्या नोंदीवरच लावू शकते. आपल्या सरकारनेही नोव्हेंबर 2022 मध्ये आयएस 19000:2022 हे मानक आणले. ते ऐच्छिक असले तरी विकत घेतलेले अभिप्राय त्यात निषिद्धच आहेत. आणि खोटी गवाही ही गल्ल्यावर दिली काय किंवा मोबाइलवर दिली काय, गवाहीच आहे.

वाईट अभिप्राय आला की अनेकांचा पारा चढतो. ‘पहिल्या धुण्यात रंग गेला’ असे कोणी लिहिले, तर त्याच्याशी भांडू नये आणि त्याचा फोन नंबरही उघड करू नये. ‘बिल घेऊन या, ताका तपासून कापड बदलून देऊ’ एवढेच उत्तर द्यावे, आणि खरोखर बदलून द्यावे. ते उत्तर त्या एका गिऱ्हाइकासाठी नसते, पुढे वाचणाऱ्या सर्वांसाठी असते. तीच शिकायत तीनदा आली तर मिलवाल्याला दाखवावी. माल परत करताना आमच्या हाती तो पुरावाच असतो.

वेळेचेही पाहावे. शुक्रवारी जुम्याच्या वेळी दुकान बंद, रमजानात रात्री उशिरापर्यंत उघडे, हे नोंदीत भरलेले नसेल तर पालघरहून आलेला माणूस बंद शटर पाहून परत जातो आणि एक तारा देऊन मोकळा होतो. वेळा बदलायला दोन मिनिटे लागतात.