खेळाडूचा स्वभाव कागदावर मोजता येतो का?

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांतली मुले आता फुटबॉलच्या अकादमीत जातात. काही ठिकाणी प्रवेशाच्या फॉर्मबरोबर 'पर्सनॅलिटी टेस्ट'चा कागदही येऊ लागला आहे. शंभरेक प्रश्न, प्रत्येकापुढे पाच गोल, आणि शेवटी मुलाच्या स्वभावाचा रंगीत आलेख. "काका, यावरून निवड ठरवतात का हो?" असे दोन-तीन पालकांनी मला विचारले. मी काही मानसशास्त्राचा माणूस नाही. पण माणसाची माहिती आकड्यांत मांडून निर्णय घेण्यात माझी नोकरी गेली, तेव्हा या विषयावर जे वाचले आणि मला जे वाटते ते सांगतो.

या प्रकाराची सुरुवात अमेरिकेतली. तिथल्या फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक हातानेच खेळतात, हे आपणास माहीत असेलच. त्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू दरवर्षी 'ड्राफ्ट' नावाच्या पद्धतीने वाटले जातात. मागच्या हंगामात सर्वांत खाली राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते, मग त्याच्या वरच्याला, अशा सात फेऱ्या. लिलाव नाही, बोली नाही. म्हणून पहिली निवड हुकली तर नुकसान मोठे.

आपल्याकडेही हे झाले आहे. इंडियन सुपर लीगचा ड्राफ्ट २३ जुलै २०१७ रोजी मुंबईत झाला आणि जमशेदपूरच्या नव्या संघाने सर्वांत आधी अनस एडाथोडिका या बचावपटूला घेतले. त्याची १ कोटी १० लाखांची रक्कम आधीच ठरलेली होती. पुढे ती पद्धत बंद पडली आणि संघ थेट करार करू लागले. २०१९ मध्ये पुण्याच्या संघाच्या जागी हैदराबाद एफसी आला, तोवर ड्राफ्ट उरला नव्हता. पण प्रश्न तोच राहिला. पळण्याचा वेग, उंची, गोल हे सगळे मोजता येते, पण पैसा आणि प्रसिद्धी मिळाल्यावर हा मुलगा कसा वागेल ते कसे मोजायचे?

अमेरिकेत या प्रश्नाला १९९८ साली धार आली. त्या वर्षी पेटन मॅनिंग आणि रायन लीफ असे दोन खेळाडू होते आणि पहिला कोणाला घ्यावा यावर जाणकारांत वाद होता. मॅनिंग पहिला गेला, लीफ दुसरा. मॅनिंगने पुढे दोनदा सुपर बोल जिंकला. लीफ पहिल्याच हंगामात पत्रकारावर ओरडला, संघाशी त्याचे बिनसले आणि काही वर्षांतच कारकीर्द आटोपली. अंगातले कौशल्य जवळपास सारखे, मग फरक स्वभावाचा, असे लोक म्हणू लागले. तो आधी कळला असता तर?

तिथे १९७० च्या दशकापासून वंडरलिक नावाची चाचणी वापरात होती. १२ मिनिटांत ५० प्रश्न. पण ती बुद्धीची चाचणी, स्वभावाची नव्हे. २०१३ मध्ये लीगने प्रेरणा, मानसिक कणखरपणा, शिकण्याची पद्धत असे पाहणारी वेगळी चाचणी आणली, आणि २०२२ मध्ये वंडरलिक बंद केली. अभ्यासकांचे मुख्य माप मात्र पाच गुणांचे आहे: नवे शिकण्याची ओढ, नेटकेपणा, बोलकेपणा, जुळवून घेण्याची वृत्ती आणि चटकन अस्वस्थ होण्याची प्रवृत्ती. बॅरिक आणि माउंट या दोघांनी १९९१ मध्ये आधीची अनेक संशोधने एकत्र करून पाहिली. पाचांपैकी नेटकेपणाचा संबंध सर्व प्रकारच्या नोकऱ्यांतल्या कामगिरीशी सातत्याने दिसला.

किती संबंध? सहसंबंध गुणांक साधारण ०.२. बी.कॉम.ला सांख्यिकी शिकलेल्यांना आठवेल, या आकड्याचा वर्ग केला की किती फरकाचा उलगडा झाला ते कळते. ०.२ चा वर्ग ०.०४, म्हणजे शंभरातले चार. बाकी ९६ हिस्से इतर कशाने तरी ठरतात. चार हिस्से म्हणजे शून्य नव्हे. हजारो कारकून भरायचे असतील तर तेवढ्यानेही फायदा होतो. एका मुलाचे भवितव्य ठरवायला मात्र ते फारच थोडे आहेत. शिवाय ही संशोधने नोकरदारांवरची, आणि ड्राफ्टपर्यंत पोचलेले खेळाडू आधीच गाळून आलेले असतात. पहाटे पाचला न उठणारा मुलगा तिथवर येतच नाही. उरलेले सगळेच बऱ्यापैकी नेटके, मग नेटकेपणावरून त्यांच्यात निवड कशी करणार?

एक गणित मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते, मी धरलेले. अकादमीत २०० मुले आली आणि त्यांतली २० पुढे खरोखर चांगली निघणार आहेत. चाचणी दहापैकी आठ वेळा बरोबर सांगते असे समजू, आणि इतकी चांगली चाचणी माझ्या वाचनात आलेली नाही. ती २० पैकी १६ जणांना बरोबर ओळखेल. पण उरलेल्या १८० पैकी ३६ जणांनाही 'चांगला' ठरवेल. एकूण ५२ जण पास, त्यांत खरे १६. चार चांगली मुले घरी, आणि निवडलेल्यांत दर तिघांत दोघे चुकीचे! चाचणीवाला मात्र '८० टक्के अचूक' असेच छापेल.

दुसरी अडचण अशी की उत्तरे उमेदवारच देतो. 'मी हातातले काम पूर्ण केल्याशिवाय उठत नाही' यापुढे 'असहमत' असा गोल कोण काळा करील? ज्याला जागा हवी आहे तो शहाण्यासारखाच लिहिणार.

आपल्या सैन्याने या अडचणीवर जी तोड काढली ती मला जास्त पटते. अधिकारी निवडणारे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, म्हणजे एसएसबी, पाच दिवस चालते. मराठवाड्यातल्या नातेवाइकांची मुले संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व संस्थेतून तिथे जातात, तेव्हा अनेकांना ते ऐकून माहीत असेल. तिथेही मानसशास्त्राच्या चाचण्या आहेत. ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहा. ६० प्रसंग, अर्ध्या तासात प्रत्येकाला काय कराल ते लिहा. चित्रे दाखवून गोष्टी लिहायला लावतात, शेवटची पाटी कोरी. विचार करून सजवायला वेळच देत नाहीत. तरी त्या कागदांवर एकट्याने निकाल लागत नाही. एक अधिकारी मैदानावर गटात काम करताना पाहतो, एक जण मुलाखत घेतो, आणि तिघे आपापले मत स्वतंत्रपणे बनवून शेवटी एकत्र बसतात. क्लासवाल्यांनी यावरही गाइडे काढली आहेत, तो भाग वेगळा.

बँकेतही हाच धडा होता. कर्ज देताना अर्जदाराची पत, ऐपत, भांडवल, तारण पाहायचे, पण पहिला मान त्याच्या चारित्र्याला. 'तुम्ही हप्ते वेळेवर भराल का?' असे विचारून ते कळत नसे. खाते उघडून पाहावे लागे. चेक किती वेळा परत गेले, स्टॉक स्टेटमेंट वेळेवर येते का, मंदीच्या वर्षात माणूस शाखेत येऊन बोलला की तोंड लपवून बसला. आताचा सिबिल स्कोअर, ३०० ते ९०० मधला, तोही माणूस स्वतःबद्दल काय म्हणतो यावर बेतलेला नाही. त्याने काय केले यावर तो निघतो.

आणि खेळाडूचे 'खाते' कसे वाचावे हे शिकायला हैदराबादकरांना अमेरिकेत जायची गरज नाही. सय्यद अब्दुल रहीम मूळचे शिक्षक. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. भारताचा संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्तात एशियाडचे सुवर्ण घेऊन आला. 'मैदान' चित्रपटामुळे नव्या पिढीलाही ते नाव कळले. रहीमसाहेब मुलांसाठी वेगळ्याच नियमांच्या स्पर्धा घेत. एकीत ड्रिब्लिंगला बंदी, एकीत फक्त कच्च्या पायानेच खेळायचे. हेतू खेळ सुधारण्याचाच, पण माझ्या मते त्यातून स्वभावही दिसत असणार. ज्याचा उजवा पाय जादूचा, त्याला डाव्याने खेळायला लावले की तो चिडतो, रडतो की हसत शिकतो ते मैदानावर सगळ्यांसमोर येते. तिथे गोल काळे करून चालत नाही.

तुलसीदास बलराम सिकंदराबादकडचा गरीब घरातला मुलगा. सरावाला यायला पैसे नाहीत म्हटल्यावर रहीमसाहेबांनी त्याला सायकलच्या भाड्याचे पैसे दिले. तो मुलगा १९५६ आणि १९६० अशी दोन ऑलिंपिक खेळला. सरावाला गैरहजर राहणारा मुलगा कागदावर बेशिस्तच दिसला असता.

म्हणून मी पालकांना म्हणतो, चाचणीला घाबरू नका, पण आधी तीन गोष्टी विचारा. या गुणांवर मुलगा बाद होऊ शकतो का? होत असेल तर त्या अकादमीचा मी पुन्हा विचार करीन. मुलाशी कसे बोलावे, त्याला कुठे मदत लागेल हे प्रशिक्षकाला कळावे म्हणून वापरत असतील तर चांगलेच आहे. दुसरे, चाचणी कशाची? बोटांचे ठसे घेऊन बुद्धी आणि स्वभाव सांगणारी 'डीएमआयटी' असेल तर पैसे वाचवा. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने तिला शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट सांगितले आहे.

तिसरे, रिपोर्ट कोणाकडे राहतो? २०२३ मध्ये अमेरिकेत सी. जे. स्ट्राउड या खेळाडूचे एका चाचणीतले कमी गुण ड्राफ्टच्या आधी बाहेर फुटले आणि देशभर चर्चा झाली. तो तरी दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडू ठरला. बारा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे 'चटकन अस्वस्थ होतो' असे एकदा लिहिले गेले आणि ते दुसऱ्या अकादमीकडे पोचले, तर ते खोडायची सोय त्याच्याकडे नाही. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात १८ वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती सांगितली आहे. तेव्हा सही करण्यापूर्वी फॉर्मचे मागचे पान वाचा, आणि रिपोर्टची प्रत मागून घ्या.