कॅटचा स्कोअर: २००८ पासून आजपर्यंत

आयआयएमच्या प्रवेशासाठी होणाऱ्या कॅट परीक्षेचा शेवटचा कागदी पेपर २००८ च्या नोव्हेंबरमध्ये झाला. त्या काळी तयारीचं सूत्र सरळ होतं: जितकी उदाहरणं जास्त, तितका स्कोअर जास्त. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेली जाडजूड पुस्तकं संपवायची आणि नोव्हेंबरची वाट पाहायची. पेपरला ९० प्रश्न आणि अडीच तास. वेळ कुठे किती घालवायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. गणितात पक्का असलेला मुलगा गणित लवकर उरकून उरलेला वेळ इंग्रजीला देई आणि कच्ची बाजू त्या जादा मिनिटांवर तरून जाई. त्यानंतरच्या वर्षांत मुलांना या परीक्षेसाठी शिकवताना ही तरून जायची सोय कमी कमी होत गेलेली मी पाहिली. स्कोअर वाढवायची रीतही तिच्याबरोबर बदलली.

२००९ मध्ये परीक्षा संगणकावर गेली. २८ नोव्हेंबरला पहिल्याच दिवशी अनेक केंद्रांवर यंत्रणा कोलमडली आणि कित्येकांना नव्या तारखा घ्याव्या लागल्या. त्या गोंधळात एक मोठा बदल फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. प्रश्न ६० वर आले होते. शिवाय दिवसागणिक पेपर वेगळे असल्यानं नुसत्या गुणांना अर्थ उरला नव्हता, स्केलिंग आणि पर्सेंटाइल हेच खरं झालं होतं. मुलं मात्र पुढची दोन-तीन वर्षं ‘किती प्रश्न सोडवले’ एवढंच एकमेकांना विचारत राहिली. २०११ मध्ये दोन विभागांना ७०-७० मिनिटांचं कुलूप लागलं, २०१४ मध्ये ते काढलं गेलं.

आणि मग २०१५ आलं. माझ्या मते या सगळ्या काळातला खरा सांधा तिथे आहे. तीन विभाग, प्रत्येकाला ६० मिनिटं, आणि एका विभागाचा वेळ दुसऱ्याला देता येणार नाही. इंग्रजीच्या ३४ प्रश्नांपैकी २४ उताऱ्यांवरचे. शब्दांच्या याद्या पाठ करून आलेल्यांचं भांडवल एका फटक्यात संपलं. पडद्यावर कॅल्क्युलेटर आला, त्यामुळे नुसत्या आकडेमोडीच्या वेगाचीही किंमत घसरली. डेटा इंटरप्रिटेशन आणि लॉजिकल रीझनिंग यांचा मिळून वेगळा विभाग झाला: ३२ प्रश्न, चार-चार प्रश्नांचे आठ संच. पुढच्या दोन-तीन वर्षांत हे संच इतके अवघड झाले की त्यांतले तीन नीट सुटले तरी पर्सेंटाइल उत्तम येई.

आठांतले तीन! दहावीपासून सगळा पेपर सोडवायचा संस्कार झालेल्या मुलांना हे पटवणं फार जड गेलं. हुशार मुलगा पहिल्याच संचात अडकायचा, हट्टानं पंचवीस मिनिटं घालवायचा आणि पुढचे दोन सोपे संच न वाचताच बाहेर पडायचा. मग आम्ही सराव बदलला. मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, पहिली पाच-सात मिनिटं पेन खाली ठेवायचं, सगळे संच वाचायचे आणि कोणते घ्यायचे ते ठरवायचं. मॉक संपल्यावर घेतलेल्या संचांइतकाच वेळ न घेतलेल्यांना द्यायचा. सोपा संच हातचा का गेला, याचं उत्तर वहीत लिहायचं. ज्यांनी ही वही इमानानं ठेवली त्यांचे स्कोअर वाढले. आठवड्याला चार मॉक देऊन एकाचंही ॲनालिसिस न करणारे होते तिथेच राहिले. मॉक दिल्यानं स्कोअर कळतो, वाढतो तो नंतरच्या तीन-चार तासांत.

निगेटिव्ह मार्किंगचा हिशेबही एकदा कागदावर मांडून पाहावा. बरोबर उत्तराला ३ गुण, बहुपर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं तर उणे १. असे १८ प्रश्न सोडवून १२ बरोबर आले तर ३६ वजा ६, म्हणजे ३०. १३ सोडवून ११ बरोबर आले तर ३३ वजा २, म्हणजे ३१. दुसऱ्या मुलानं पाच प्रश्न कमी सोडवले आणि तरी तो पुढे आहे.

२०२० मध्ये करोनामुळे परीक्षा दोन तासांची झाली, विभागाला ४० मिनिटं. ती आजही तेवढीच आहे. २०२४ चा पेपर ६८ प्रश्नांचा आणि २०४ गुणांचा होता, आणि निम्म्याहून थोडे कमी गुण मिळवणाराही ९९ पर्सेंटाइलला पोहोचला. त्याच वर्षी स्पर्धकांची संख्या तीन लाखांच्या जवळ गेली होती. म्हणजे ९९ च्या वरही तीन हजारांच्या आसपास मुलं उभी होती. नागपूरला २०१५ मध्ये आयआयएम आलं, २०२३ मध्ये पवईची नीटी संस्था आयआयएम मुंबई झाली. जागा वाढल्या, चुरस कमी झाली नाही.

मला सगळ्यात कळकळीनं सांगावंसं वाटतं ते उताऱ्यांबद्दल. मराठी माध्यमातून आलेली मुलं गणितात आणि संचांत कुणाला हार जात नाहीत, अडतात ती इथे. ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ म्हणून ती व्याकरणाचं पुस्तक उघडतात. पण पेपरात व्याकरण विचारलेलंच नसतं. लेखकाचं म्हणणं काय, ते तो कशाच्या आधारावर मांडतो, कुठे कुणाचं मत खोडतो, एवढंच विचारलेलं असतं. लातूरकडच्या एका विद्यार्थिनीनं जूनपासून रोज एक लांब इंग्रजी लेख वाचायला घेतला. तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, अर्थव्यवस्थेचा इतिहास, जे विषय तिला अगदी परके होते तेच निवडले. वाचून झालं की लेखकाचा मुद्दा ती तीन ओळींत मराठीत लिहायची. पहिले दोन महिने मॉकचा आकडा हलला नाही आणि घरचे काळजीत पडले. सप्टेंबरपासून तो चढू लागला आणि पुन्हा खाली आला नाही. मुद्दा मराठीत नीट लिहिता आला की तो समजलेला असतो, यावर माझा आता पूर्ण विश्वास आहे.

क्वांट, म्हणजे गणित, चार महिन्यांत सुधारतं. वाचन सुधारायला त्याहून जास्त वेळ लागतो. आणि आपल्याकडे बहुतेकांची तयारी फॉर्म सुटतात त्या ऑगस्टच्या आसपास सुरू होते, परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस. तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असणाऱ्या मुलामुलींनी क्लास कोणता लावायचा हा विचार खुशाल पुढच्या वर्षावर टाकावा. रोजचा एक लेख आणि त्याखालच्या तीन ओळी मात्र याच आठवड्यात सुरू कराव्यात.