लोखंडी पेटीने बदललेला व्यापार

जग कशाने बदलले असे विचारले की लोक महायुद्धे, सोव्हिएत संघाचे विघटन, संगणक अशी नावे घेतात. ते खरेच आहे. पण माल विकून पोट भरणाऱ्याने त्या यादीत आणखी एक नाव घालावे असे आम्हाला वाटते. ते म्हणजे कंटेनर, हमरस्त्यावर ट्रेलरवर दिसणारी ती लोखंडी पेटी.

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील न्यूअर्क बंदरातून 'आयडियल एक्स' हे जहाज अशा ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनला निघाले. कल्पना माल्कम मॅकलीन या ट्रकमालकाची. जहाजवाल्यांऐवजी ट्रकवाल्याला ती सुचली याचे आम्हाला नवल वाटत नाही. धक्क्यावर गाडी खोळंबली की नुकसान त्याचेच. तोपर्यंत गोण्या, गाठी, पिंपे एकेक करून जहाजात चढत. सुटा माल चढवायला टनामागे सुमारे ५ डॉलर ८३ सेंट लागत, पेटीत तोच खर्च १६ सेंटच्या आत आला. पुढे पेट्यांची मापे जगभर एकसारखी ठरली आणि एकच पेटी ट्रक, रेल्वे, जहाज अशी न उघडता फिरू लागली.

आपल्याकडे न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या गोदीतील कंटेनरचे बरेच काम तिकडे गेले, पाठीवर गाठी वाहणाऱ्या हमालांची गरज घटली. भिवंडीभोवती मात्र गोदामे उभी राहिली. कारागिराचेही तसेच झाले. त्याचा माल दूरदेशी जाऊ लागला, पण चीनचा माल त्याच पेटीतून आपल्या मोहल्ल्यातील दुकानात उतरला. पूर्वी अंतर हेच छोट्या कारागिराचे कुंपण होते. ते आता राहिले नाही.

शिवाय स्वस्त भाड्यावरही विसंबून चालत नाही, हे अलीकडे दिसले. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस वाट बंद राहिली. कोरोनाच्या गोंधळात त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रमुख मार्गांवर ४० फुटी कंटेनरचे सरासरी भाडे १०,००० डॉलरच्या वर गेले. २०१९ मध्ये ते दीड हजाराच्या आत होते. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपला जाणारी अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली.

याचा चटका कोणाला बसतो ते सौद्यावर ठरते. समजा, मालेगावच्या कारखानदाराने युरोपातील गिऱ्हाइकाला सी.आय.एफ. भावाने कापड विकले. म्हणजे तिकडच्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा त्याच्या माथी. भाव ठरल्यावर भाडे चढले तर वाढीव रक्कम त्याच्याच नफ्यातून जाणार. एफ.ओ.बी. सौद्यात माल जहाजावर चढला की पुढचे भाडे खरेदीदाराचे. सहीपूर्वी ही तीन अक्षरे वाचून घ्यावीत, आणि सी.आय.एफ. करणे भागच असेल तर दर किती दिवस टिकेल ते लिहून द्यावे.

पूर्ण पेटी भरण्याइतका माल नसला तर इतरांच्या मालाबरोबर तो पाठवता येतो, याला एल.सी.एल. म्हणतात. सोय चांगली आहे. पण एकाचे कागद अडले की सगळ्यांचाच माल खोळंबू शकतो, तेव्हा तारीख कबूल करताना आठ-दहा दिवस हाताशी ठेवावेत.